शिकलो त्याचं ऋण: एका प्रौढाला वाचायला शिकवायचं तर नेमकं कसं?

अंकलिपी (धागाकर्ता)

गुरुपौर्णिमेला आणि ५ सप्टेंबरला सगळ्या गटांवर गुरूंचे आभार मानून होतात आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो. आपल्याकडे ऋषिऋण म्हणतात ते हार-नारळाने फिटत नाही, शिकून आणि शिकवूनच फिटतं. शिकण्याबद्दल इथे बरेच धागे आहेत. हा शिकवण्याबद्दल, आणि तोही अगदी मर्यादित: मराठी बोलणाऱ्या, कधीच शाळेत न गेलेल्या किंवा दुसरी-तिसरीत शाळा सुटलेल्या, चाळिशी-साठीच्या माणसाला वाचता-लिहितं करायचं तर काय करावं लागतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती. उरलेले सगळे दुर्गम पाड्यांवर नसतात, आपल्याच जिन्यावर, गेटवर भेटतात. 'मला शिकवायला आवडेल' म्हणणारेही पुष्कळ असतात. बहुतेकांचं घोडं 'अ अननसाचा'पाशीच अडतं, कारण आपल्याला पाचव्या वर्षी जसं शिकवलं तेवढीच एक पद्धत ठाऊक असते.

सुरुवात मीच करते. पहिलं काम वही आणणं नाही, डोळे तपासून घेणं. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं, आणि ज्यांनी कधी वाचलंच नाही त्यांच्या ते लक्षातही येत नाही. सुई ओवताना हात लांब नेतात का, किंवा दोरा ओवायला नातवाला हाक मारतात का, एवढं विचारलं तरी कळतं. चष्म्याशिवाय शिकवत राहिलात तर महिनाभराने 'माझ्या डोक्यात शिरत नाही' असं ऐकायला मिळेल आणि माणूस यायचा थांबेल. डोकं ठीक असतं, अक्षर दिसत नसतं.

जाणकारांनी भर घालावी. अनुभवकथन नको, पद्धत सांगा.

पाटीपेन्सिल

चांगला धागा. अक्षरांचा क्रम हा कळीचा मुद्दा आहे, म्हणून त्यावर सविस्तर.

मुळाक्षरं ओळीने शिकवू नका. क ख ग घ ङ हा क्रम उच्चारशास्त्राचा आहे, वाचनाचा नाही. 'ङ'चा एकही शब्द त्या माणसाला रस्त्यावर दिसणार नाही. त्यापेक्षा पाच-सहा अक्षरांचा एक गट घ्या, ज्यातून लगेच रोजचे शब्द बनतील. न, ळ, घ, र, ब, स हा गट पाहा: घर, नळ, बस, रस, सर, नस, सरळ, बघ. 'सरळ बस', 'घर बघ' ही अख्खी वाक्यं पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. पहिल्या आठवड्यात वाक्य वाचलेला माणूस सहसा शिकणं सोडत नाही.

त्यावर लगेच काना. नवीन अक्षर एकही न देता बाबा, बाळ, बारा, नारळ, सासर, सासरा. एका चिन्हाने किती शब्द उघडतात हे दिसलं की बाराखडी कशासाठी असते ते आपोआप कळतं.

दुसरा गट म, क, ल, त, प, ग. काम, माल, कपात, पगार, गरम. आता वेलांटी. इथे एक गोम आहे. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे नवखा वाचक अडखळतोच. म्हणून दुसरी वेलांटी आधी शिकवा (माती, पाती, बारी, काकी अशा शब्दांत), ती आठवडाभर मुरू द्या, मग पहिली. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम या टप्प्यावर काढायचेच नाहीत.

सारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात कधीही देऊ नका. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष, ट-ठ-ढ-द, इ-ह-झ. एक पक्कं झाल्यावर दोन आठवड्यांनी दुसरं. 'दोन्हींतला फरक दाखवतो' म्हणून शेजारी शेजारी मांडणं हा सगळ्यात मोठा घोटाळा, त्यातून दोन्ही अक्षरं डळमळतात. 'ख' तर जुन्या वळणाने लिहिला की 'रव' वाचला जातो, म्हणून खालून जोडलेलाच शिकवावा.

वऱ्हाडी ठेचा

पाटीपेन्सिल, क्रमाचं तत्त्व मान्य. पण हा गट अमरावती-अकोल्याकडे चालायचा नाही. इकडे बोलताना 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. खानदेशात अहिराणीतही तेच. ज्या माणसाच्या तोंडात 'ळ' नाही त्याला पहिल्याच दिवशी 'नळ' दाखवलात तर अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नाही, आणि वाचन म्हणजे तीच सांगड आहे.

इकडे म, क, न, र, ब, स घ्या. बस, रस, नस, मन, कर, कमर, काम, बारा, मासा, कान, नाक. ळ सातव्या-आठव्या आठवड्यात.

याचाच दुसरा भाग: ती बाई 'पाणी' वाचताना 'पानी' म्हणाली तर ते बरोबर वाचलं असं धरा. तिने अक्षरं ओळखली, अर्थ लावला, आपल्या बोलीत उच्चारला. तिथे 'पानी नाही, पाणी' करत बसलात तर तिला वाटतं आपण वाचायला चुकलो. उच्चारशुद्धी हा वेगळा तास आहे, आणि खरं सांगायचं तर गरजेचाही नाही.

पाटीपेन्सिल

पटलं. ळ मागे टाका, गट प्रदेशानुसार बदला. नियम इतकाच: सहा अक्षरं, सारखी दिसणारी दोन नकोत, आणि निदान आठ शब्द असे निघावेत की जे शिकणाऱ्याच्या तोंडात आहेत. कोरकू, गोंडी किंवा भिली घरात बोलणाऱ्यांसाठी तर आधी त्यांच्याकडूनच शब्द गोळा करावे लागतात.

दुरेघी

वाचनाबद्दल होतंय तोवर हाताबद्दल सांगते.

आयुष्यभर खुरपं, विळा, पाटा-वरवंटा धरलेल्या हाताला पेन्सिल जड जाते, कारण ती फार हलकी आणि बारीक असते. त्या हाताची सवय आहे घट्ट धरून जोर लावायची. परिणाम: टोक मोडतं, कागद फाटतो, दहा मिनिटांत मनगट दुखतं. म्हणून पहिले आठ-दहा दिवस कागद नकोच. फरशीवर खडूने वीतभर उंचीचं अक्षर काढायचं, खांद्यापासून हात फिरवून. मग पाटी. मग दुरेघी वही, तीही रुंद रेघांची. पेन्सिल एचबी न घेता टूबी घ्या, कमी जोरात काळं उमटतं. जाड तिकोनी पेन्सिल मिळाली तर उत्तम, नाहीतर साध्या पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा.

शिरोरेखा शेवटी, आणि अख्ख्या शब्दाला एकच. प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ द्यायची सवय लागली की शब्द कुठे संपतो ते लिहिणाऱ्यालाच दिसेनासं होतं आणि दोन शब्दांमधली जागा नाहीशी होते.

कार्डांसाठी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी वापरा, जाड असतात आणि फुकट असतात. काळा जाड स्केचपेन, एका कार्डावर एकच अक्षर. छापील मजकूर द्यायचा तर २४ पॉइंटच्या खाली जाऊ नका. आणि फॉन्ट मराठी वळणाचा हवा. मोबाईलवर बऱ्याचदा हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' येतो, तो पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा वेगळा दिसतो. आपल्याला दोन्ही सारखेच, नवख्याला ती दोन अक्षरं वाटतात.

लाल शाई नको. वहीवर फुल्याही नकोत. चुकलेला शब्द खाली पुन्हा बरोबर लिहून दाखवायचा, बस.

कोरडवाहू

वेळापत्रकाबद्दल दोन ओळी. रोज तासभर असा संकल्प टिकत नाही. आठवड्यातून चार दिवस, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. बायकांना साधारण दुपारी दोन ते चार किंवा जेवणं उरकल्यावर जमतं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी सुरू झालेली आजीबाईंची शाळा दुपारीच भरत असे. संध्याकाळी सात ही शिकवणाऱ्याच्या सोयीची वेळ आहे, चुलीपुढे बसणारीच्या नाही.

तासाची विभागणी अशी: पाच मिनिटं जुनी कार्डं पिसून, दहा मिनिटांत नवीन अक्षरं (दोनच, तीन कधीच नाही), पंधरा मिनिटं वाचन, दहा मिनिटं लिखाण, शेवटी थोडे आकडे. साक्षरता अभियानाच्या काळात तीन प्रवेशिका (म्हणजे वाचन शिकवायची पुस्तकं) आणि साधारण २०० तास असा हिशेब धरत. आठवड्याला तीन तास धरले तर सव्वा वर्ष. 'महिन्यात साक्षर' वगैरे जाहिरातींवर जाऊ नका.

पेरणी, लावणी, सुगी या काळात खंड पडणारच. ऊसतोडीला जाणारे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात, तोपर्यंत वर्ग नाही हे गृहीत धरूनच आखणी करा. खंडानंतर सोडलं तिथून नाही, दोन पायऱ्या मागून सुरू करायचं. जोडाक्षरांवर थांबला होतात तर मात्रा-वेलांटीपासून. आठवडाभरात पूर्वीच्या जागी येता. थेट पुढे गेलात तर त्या माणसाला 'सगळं विसरलो' वाटतं, आणि ते वाटणं विसरण्यापेक्षा वाईट.

नदीकाठ

बायकांना हरिपाठ पाठ असतो. मग हरिपाठाचंच पुस्तक समोर ठेवून सुरुवात का करू नये? ओळखीचा मजकूर, गोडी आपोआप.

पाटीपेन्सिल

कल्पना मोहात पाडणारी आहे, आणि म्हणूनच धोक्याची. पहिलीच ओळ बघा: 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी'. द्वा आला, क्ष आला. पुढच्या ओळीत 'मुक्ति' आणि 'साधियेल्या'. म्हणजे सगळ्यात अवघड जोडाक्षरं पहिल्या मिनिटाला. शिवाय पाठ असल्यामुळे त्या वाचणारच नाहीत, म्हणतील. बोट ओळीवर फिरतं, डोळे तुमच्या चेहऱ्याकडे, आणि तुम्हाला वाटतं केवढी प्रगती! बाराखडीचंही हेच होतं. 'क का कि की' सुरात म्हणणारा माणूस मधलाच 'कु' दाखवला की गप्प.

वाचन होतंय की पाठांतर, हे ओळखायला सोपे उपाय आहेत. कार्डं पिसा. चित्र झाका. 'सळब', 'नारस' असे निरर्थक शब्द लिहून द्या, ते वाचले तर खरंच वाचता येतंय. पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधायची सवय (बरस दिसलं की 'बस') अशानेच मोडते.

हरिपाठ मात्र टाकून देऊ नका. जोडाक्षरं झाल्यावर एक अभंग मोठ्या टायपात छापा, शब्द कात्रीने सुटे करा आणि ओळी पुन्हा जुळवायला द्या. आता पाठांतर मदतीला येतं, कारण कोणता शब्द शोधायचा ते ठाऊक असतं आणि तो शोधायला वाचावंच लागतं.

नदीकाठ

कात्रीची युक्ती आवडली. जोडाक्षरांत र चे प्रकार फार त्रास देतात असं दिसतं. त्याबद्दल कोणी लिहील का?

दुरेघी

र चार वेषांत येतो. क्रमांक, प्रत, ग्राम यांत तिरकी रेघ. ट्रक, ड्रम यांत खाली टोपीसारखी खूण. कर्ज, अर्ज, खर्च यांत डोक्यावर रफार. आणि दुसऱ्या, शेतकऱ्यांना यांत 'ऱ्य'. एका तासाला एकच वेष, आणि आधी रफार, कारण कर्ज, अर्ज, खर्च, मार्च, सर्व हे शब्द प्रौढाला सगळ्यात जास्त भेटतात.

रफाराची अडचण पहिल्या वेलांटीसारखीच, फक्त उलट दिशेने. खूण बसते 'ज'च्या डोक्यावर आणि उच्चारायची 'ज'च्या आधी. नवखा माणूस 'कजर' वाचतो. बोटाने दाखवताना क वर बोट, मग वर रफारावर, मग खाली ज वर, असा डोंगर काढायचा. दहा शब्दांत बसतं.

बाकी जोडाक्षरं दोन गटांत: उभी दांडी असलेली अर्धी होताना ती गमावतात (म्ह, त्य, स्त), नसलेली पाय मोडतात किंवा एकमेकांखाली जातात (ट्ट, ड्ड). क्ष आणि ज्ञ ही मात्र सरळ नवीन अक्षरं म्हणून द्या, फोड करून दाखवण्यात वेळ जातो. 'द्ध' आणि 'द्य'साठी वेगळी कार्डं लागतील.

आणेवारी

अंकांकडे कुणी वळलं नाही अजून.

निरक्षर माणसाला हिशेब येत नाही हा आपला गैरसमज. भाजीवाल्या मावशींना पावशेराचा दर तोंडी काढता येतो, त्यांना लिहिलेला आकडा ओळखता येत नाही इतकंच. म्हणून बेरीज शिकवू नका, चिन्हं शिकवा. साधन खिशातच आहे: नोट. २०१६ नंतरच्या मालिकेतल्या नोटांवर रक्कम इंग्रजी आकड्यांत आणि देवनागरीतही छापलेली असते. पाचशेची, शंभराची, पन्नासाची नोट शेजारी ठेवली की दोन्ही अंकांचा तक्ता तयार.

दोन्ही अंक शिकवावेच लागतात. मोबाईल, वीजबिल, गॅसची पावती इंग्रजी अंकांत, तर गावातले बरेच फलक आणि जुना सातबारा मराठीत. घोळ होतो तो इथे: मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार इंग्रजी आठसारखा, आणि मराठी सात म्हणजे उलटा इंग्रजी सहा. म्हणून आधी एक लिपी पूर्ण, किमान तीन आठवडे, मगच दुसरी. कोणती आधी? माझं मत इंग्रजी अंक, कारण फोन रोज हातात असतो.

दुसरा घोळ भाषेचा. आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. ऐकून लिहायला सांगितलं की ५२ लिहितात. एकोणतीसला तर बिचारे ३ पासूनच सुरुवात करतात, कारण कानाला 'तीस' ऐकू येतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस दोन' अशी वाचनाची सोय दिली तेव्हा केवढी टिंगल झाली होती. टिंगल करणाऱ्यांनी एखाद्या प्रौढाला एकोणसाठ लिहायला सांगून पाहावं. शिकवताना दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी मांडा: दोन नोटा डावीकडे, पाच नाणी उजवीकडे. मांडल्या क्रमाने लिहायचं, ऐकल्या क्रमाने नाही. एकोण असलेल्या संख्या सगळ्यात शेवटी.

अंकलिपी

सगळ्यांचे आभार. एक विषय राहिला, सहीचा. बहुतेक जण शिकायला येतात ते 'सही तेवढी शिकव' म्हणून.

कोरडवाहू

हा मुद्दा गंभीर आहे. सही चित्रासारखी गिरवून शिकवणं सोपं, आठ दिवसांचं काम. पण अंगठा लावताना साक्षीदार लागतो, कागद वाचून दाखवायला कोणीतरी असतं. सही केली की समोरचा धरून चालतो, यांनी वाचलंय. वाचता न येणाऱ्याला नुसती सही शिकवणं म्हणजे त्याचं असलेलं संरक्षण काढून घेणं आहे. बचत गटाच्या कर्जाचे कागद आठवा.

मागणी नाकारू मात्र नका, नाहीतर माणूस परत येणार नाही. त्याच्या नावातली अक्षरं पहिल्या गटात घाला, म्हणजे सही वाचनातूनच येईल. आणि सोबत तीन शब्द ओळखायला शिकवा: कर्ज, जामीन, रक्कम. हे कागदावर दिसले की सही थांबवायची आणि विचारायचं.

बँकेत अंगठ्याऐवजी सही लावायची तर नमुना सही नव्याने द्यावी लागते. सही दहा वेळा सारखी येईपर्यंत ते करू नका. न जुळणाऱ्या सहीमुळे स्वतःच्याच खात्यातले पैसे अडकतात.

रात्रवर्ग

उशिरा येतोय. एक ऐतिहासिक संदर्भ: प्रौढांना कामावरून सुटल्यावर शिकवायची पद्धत आपल्याकडे नवी नाही, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली होती. रमाबाई रानडे स्वतः लग्नानंतर अक्षरं शिकल्या आणि पुढे पुण्याच्या सेवासदनात मोठ्या वयाच्या बायकांचे वर्ग उभे राहिले. ऋण फेडणं याला म्हणतात.

आता सरकारी बाजू. केंद्राच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात (उल्लास) पंधरा वर्षांवरच्या कोणाचीही नोंद होते. शिकवणारा स्वयंसेवक म्हणून ॲपवर नाव घालता येतं, किंवा जवळच्या जिल्हा परिषद शाळेत चौकशी करा. मानधन नाही. शेवटी १५० गुणांची चाचणी असते: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. म्हणजे वाचन उत्तम आणि लेखन शून्य असं चालत नाही. दुरेघींनी सांगितलेला हाताचा सराव इथे उपयोगी पडतो.

नदीकाठ

चाचणी झाली की पुढे काय? दहावीपर्यंत जाता येतं का?

रात्रवर्ग

येतं, पण घाई नको. मध्ये किमान वर्षभर नुसतं वाचन हवं, नाहीतर शिकलेलं पुसलं जातं. रोज दहा मिनिटं, आणि वाचायला कामाचंच: एसटीच्या पाट्या, रेशनची पावती, बचत गटाची वही, वर्तमानपत्राचे मथळे. औषधाच्या पाकिटावरचं नाव बहुधा इंग्रजीत असतं, म्हणून त्यावर मराठीत 'सकाळ', 'रात्र' लिहून चिकटवा. तोही वाचनाचाच सराव.

दहावीसाठी दोन रस्ते. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा), त्याला आधीच्या शाळेचा दाखला लागतो, म्हणून पूर्वी पाचवीपर्यंत तरी शिकलेल्यांना तो सोयीचा. दुसरा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. वयाची वरची मर्यादा नाही, पाच विषय, आणि एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो, उत्तीर्ण विषयाचे गुण जमा राहतात. घर-शेत सांभाळून शिकणाऱ्याने दुसराच घ्यावा असं माझं मत. पहिला विषय मराठी. गणित कधीही पहिल्या फेरीत नको.

वऱ्हाडी ठेचा

आणि अर्ज भरताना आधार कार्डावरचं नाव आणि शाळेच्या जुन्या दाखल्यावरचं नाव जुळतंय का ते आधी पाहा. बायकांचं माहेरचं-सासरचं नाव इथे हमखास अडतं. राजपत्रात नावबदल करून घ्यायला वेळ जातो, म्हणून ते काम अभ्यासाच्या सुरुवातीलाच काढा.

दुरेघी

+१. तो अर्ज शिकणाऱ्यालाच भरू द्या, पेन्सिलीने. वर पेन आपण फिरवू.